सही वर, फुली खाली

३ जानेवारी
(सही) तुझी आजी

पोरी,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून शाई घालवत नाही. फोनवर बोललीस तेव्हा तुझ्या बापाने स्पीकर लावला होता, म्हणून मी नुसतं हं हं केलं. फोन सगळ्या घराचा, पत्र एकटीचं. यापुढे फोनवर हवापाणी बोल आणि कामाचं पत्रात लिही.

तर चांगली नोकरी सोडून तू परक्या मुलखात कंपनी काढणार. कसली, तर फाटके कपडे शिवायची! अगं, फाटकं शिवायला समुद्र ओलांडावा लागतो हे आधी कळलं असतं तर मी जन्मभर या खिडकीत बसून लोकांच्या चोळ्या आणि पायजमे कशाला शिवले असते? पण तिथले लोक बटण तुटलं तर अख्खा कोट टाकून देतात असं म्हणालीस. ते ऐकून मला धंद्यात दम वाटला. आळशी गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं.

तुझ्या बापाला काही दम वाटला नाही. नळ-पाइपांच्या दुकानात त्याने तुझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली आहे, गोल फिरणारी. तिचं प्लास्टिक काढत नाही. "ती येऊन काढेल" म्हणतो. लेक हरून येणार याची एवढी खात्री बाळगणारा बाप मी जन्माला घातला, त्याला इलाज नाही.

कायद्याला दोन मालक लागतात म्हणून तू मला भागीदार करतेस. कर. पण मी कोऱ्या जागेखाली सही करत नाही. बँकेतला बाबू माझा अंगठा धरून शाईत बुडवायचा, जणू बोट त्याच्या बापाचं. मी दुसरीपर्यंत शिकलेय, पण लिहिता येतं का हे त्याने कधी विचारलं नाही. एक दिवस अंगठा मुठीत दाबला आणि म्हटलं, पेन दे. तेव्हापासून या अंगठ्याला शाई लागलेली नाही. आणि सही करायची ती सगळ्यात वर. खाली केली की वरच्या मोकळ्या जागेत कोण काय घुसडेल याचा नेम नाही. तळाला मी कामाची एक ओळ लिहिते, ती तेवढी नीट वाचत जा.

मशीन विकत घेण्याआधी चालवून बघ.


१७ जानेवारी

प्रिय आजी,

मशीन चालवून घेतलं. टाका सोडत होतं, दुसरं घेतलं. तुझी तळाची ओळ वाचली हे त्यातून समज.

इथली गंमत ऐक. बँक म्हणते, कंपनीचा दाखला आण. दाखल्याच्या खिडकीवरची बाई म्हणते, ऑफिसच्या जागेचा करार आण. करारासाठी घरमालक म्हणतात, बँकेचं खातं दाखव. या तिघांत मी चेंडूसारखी फिरत होते. शेवटी मी राहते त्याच घराच्या मालकीण म्हातारीने मधली खोली ऑफिससाठी लिहून दिली. का, तर म्हणे "रोज विचारायला जिना चढतेस-उतरतेस, लाकूड झिजतं." खडूस आहे. बूट घालून जिना चढले की खालून काठी आपटते. दुपारी मशीन लावलं की छत ठोकते.

आता एकच अडलंय. परक्या माणसाने कंपनी काढली तर एक संचालक इथलाच रहिवासी लागतो. तोही मिळालाय! सल्लागार आहे, परदेशी लोकांना कंपन्या काढून देतो. इतका प्रेमळ माणूस मी इथे पाहिला नाही. मला धाकटी बहीण म्हणतो. तुझ्याबद्दल सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे त्या माझ्याही आईच." त्याच्या बदल्यात त्याला थोडा जास्त हिस्सा लिहून द्यायचा, तोही फक्त कागदावर. खिडकीवर बरं दिसतं म्हणे.

मेअखेरपर्यंत नोंदणी झाली नाही तर माझा इथला राहण्याचा परवाना संपतो. मग ती खुर्ची आणि मी.

तुझी,
भागीदारीण


१ फेब्रुवारी
(सही) तुझी आजी

पोरी,

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. थोडा जास्त म्हणजे किती?

आणि हा माझा नवा लेक कुठून उगवला? पहिल्या भेटीत बहीण, दुसऱ्या भेटीत आई! बोहारीणसुद्धा जुने कपडे न्यायला आली की आधी नाव विचारते, मग ताई म्हणते. मला पोटचा एक लेक आहे, तो वर्षाकाठी दोनदा आई म्हणतो, तेही चष्मा सापडत नसला की. असलं फुकटचं आईपण मला नको. आजपासून त्याचं नाव साखरतोंड्या.

सोयरीक जमवताना नवऱ्या मुलाला कुणी विचारतं का, तू चांगला आहेस का म्हणून? त्याच्या पहिल्या बायकोला विचारायचं. या साखरतोंड्याने आधी ज्यांच्या कंपन्या काढून दिल्या त्यांना गाठ. आता त्यांच्या दुकानावर पाटी कुणाची आहे ते बघून ये.

तुझी म्हातारी मात्र मला आवडली. जी तोंडावर काठी आपटते तिला पाठीमागे काही करायला वेळ उरत नाही. त्याच्याबद्दल ती काय म्हणते?

आता कामाचं.

साखरतोंड्याला वर येऊ देऊ नकोस.


१२ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तू कमाल करतेस. न बघितलेल्या माणसाला नाव ठेवून मोकळी! तो वर येऊन गेलासुद्धा. मी चहा केला, त्याने कप धुऊन ठेवला. टेबलावर तुझं पत्र होतं, तर म्हणाला, किती सुंदर अक्षर, मला वाचता येत नाही पण माया कळते. नशीब वाचता येत नाही!

हिस्सा विचारलास ना, अर्ध्याहून एक जास्त. बास. कागदावर. तो कशाला माझी फाटकी शिवणं घेऊन बसेल?

त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना काय म्हणून विचारू? हेरगिरी वाटेल. आणि म्हातारी काय म्हणणार? तो गेल्यावर तिने फडक्याने दाराची मूठ पुसली. ती माझ्यामागेही पुसत असेल.

कागद पाठवतेय. तू बोलतेस फार, पण मला माहितेय तू मला अडवणार नाहीस. जिथे पेन्सिलीने फुली केलीय तिथे सही कर आणि लगेच टाक. वेळ थोडा आहे.

तुझी


२५ फेब्रुवारी
(सही) तुझी आजी

पोरी,

कागद पोचले, परत पाठवते. जिथे जिथे फुली होती तिथे तिथे लावायचं ते लावलं आहे. एकही फुली सोडली नाही.

तुझ्या बापाचा घसा बसला आहे, घर शांत आहे. तुझी आई बरी आहे. मी नेहमीसारखी.

म्हातारी तुझ्यामागेही मूठ पुसते का, ते एकदा लपून बघ.


१० मार्च

आजी!

अंगठा? प्रत्येक फुलीवर निळाशार अंगठा?

पानंच्या पानं पत्रं लिहितेस, शेजारणींचे अर्ज लिहून देतेस, बँकेच्या बाबूला पेन मागितलंस म्हणून गावभर मिरवतेस, आणि माझ्या कंपनीच्या कागदावर अंगठा! खिडकीवरच्या बाईने साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "तुमच्या दुसऱ्या मालक लिहू शकत नाहीत?" मी काय सांगू? तुझं शेवटचं पत्र माझ्या पर्समध्येच होतं. मी 'नाही' म्हणून मान हलवली. तिने फायलीत नोंद केली. आता सहीचा कागद असता तर चालला असता, पण अंगठा असेल तर वकिलाचा शिक्का आणि साक्षीदार लागतात. म्हणजे कागद पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे.

सल्लागार पहिल्यांदाच चिडला. नंतर हसला आणि म्हणाला, मी बघतो काय करायचं ते.

खरं सांग. मी परत यावं असं वाटतंय ना तुला? बाबा निदान खुर्ची उघड उघड मांडून बसलेत. तू तर गोड गोड पत्र लिहून पाय ओढलास. तुझ्या त्या साखरतोंड्यात आणि तुझ्यात मग फरक काय?

मूठ. मी लपून बघितली. माझ्यामागे ती पुसत नाही. पण त्याने काय सिद्ध होतं?


२३ मार्च
(सही) तुझी आजी

पोरी,

तू परत यावीस असं मला वाटतं? तू गेलीस तेव्हा खोली अख्खी माझी झाली. तुझ्या पलंगावर मी कापडाचे गठ्ठे ठेवलेत. तू आलीस तर ते ठेवायचे कुठे हा मला घोर आहे. तेव्हा तो आरोप मागे घे.

फरक विचारलास. तो गोड बोलून तुझी कंपनी घेतोय, मी कडू बोलून ती ठेवतेय. चव वेगळी आहे, ओळखायला शीक.

फुल्या सगळ्या तळाला होत्या आणि वर बोटभर कोरी जागा. मी तळाला सही करत नाही, हे तुला जानेवारीतच लिहिलं होतं. नाही म्हटलं असतं तर तू ऐकणार होतीस का? तू फोन केला असतास, बापाने स्पीकर लावला असता आणि सगळ्यांनी मिळून म्हातारीला समजावलं असतं. अंगठा लावला तर कागद अडकतो हे मला ठाऊक होतं. सरकार कुठलंही असो, अंगठ्याला वेळ लावतं. घाईतल्या माणसाला थोडं थांबवलं की तो आतून कसा आहे ते वर येतं. दूध तापत ठेवलं की कळतं, नासकं आहे का ते.

अंगठ्याची शाई अजून निघाली नाही. नखात बसली आहे. तुझ्या आईने विचारलं, मी म्हटलं जांभळं खाल्ली. मार्चमध्ये जांभळं कुठली हे तिच्या लक्षात आलं नाही.

चिड, पण दुकानावरच्या पाट्या बघून ये.


१६ एप्रिल

(सही) तुझी नात

आजी,

हो, मीही वर केली. का ते वाच.

गेल्या आठवड्यात खिडकीवरून बोलावणं आलं. मी गेले तर सल्लागार आधीच उभा होता, चेहरा तुपासारखा. त्या बाईने एक कागद माझ्यापुढे सरकवला. तुझ्या नावाचा, पण अंगठा नाही, खाली झोकदार सही.

ती म्हणाली, "तुमच्या आजी मधल्या काळात लिहायला शिकल्या का?"

खोटी सही म्हणजे परवाना गेला, कंपनी गेली, वर पोलीस. सल्लागार लगेच म्हणाला, "हिनेच आणून दिला मला. मी फक्त पोचवला."

मी कागद जवळ ओढला. आधी हिस्सा दिसला. अर्ध्याहून एक जास्त? छे! माझ्याकडे आणि तुझ्याकडे मिळून चिमूटभर उरला होता, बाकी सगळा त्याचा. वरच्या कोऱ्या जागेत नवीन ओळी टाइप केल्या होत्या. मग सही वाचली आणि आजी, मला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी आणि तोंडात हसू. बाईला वाटलं मला वेड लागलं.

मी म्हटलं, "हे मी वाचलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. आमची भाषा येणारा कुणी बोलवा."

वरच्या मजल्यावरून सरकारी दुभाषा आला. जाडजूड, गंभीर गृहस्थ. त्याने कागद धरला, वाचला, पुन्हा वाचला. मिशी हलायला लागली.

"यांचं नाव काय लिहिलंय?" बाईने विचारलं.

"हे नाव नाही," तो म्हणाला. "ही सूचना आहे."

"कसली सूचना?"

"साखरतोंड्याला वर येऊ देऊ नकोस."

कळलं का काय झालं ते? चहा प्यायला आला तेव्हा त्याने तुझ्या पत्राचा फोटो काढला असणार. माणसं सही तळाला करतात, म्हणून त्याने तळाची ओळ उचलली आणि वेलांटीसकट गिरवली! बाईने विचारलं, साखरतोंड्या कोण? दुभाषाने अर्थ सांगितला. तिने चष्म्यावरून सल्लागाराकडे पाहिलं. तो तरी म्हणतो कसा, "त्यांच्याकडे नावं लांबलचक असतात!"

कागद कुणी आणला तेही निघालं. हा एकटाच आला होता आणि चॉकलेटचा डबा खिडकीत ठेवून गेला होता. तो डबा तिने न उघडता फायलीला बांधून ठेवला होता. त्याला आतल्या खोलीत नेलं. मला म्हणाली, तुम्ही जाऊ शकता, पण संचालक नाही तर नोंदणीही नाही.

घरी येऊन जिन्यात बसले. बुटांसकट. म्हातारी बाहेर आली.

"बूट," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "समोरच्या कुलूपवाल्याला विचारायचंस. ते दुकान त्याचं होतं, त्यालाही याच माणसाने कंपनी काढून दिली. आता तो तिथे पगारावर आहे."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस? माझ्याशी बोलतेस ते फक्त 'माफ करा'."

तू फेब्रुवारीपासून मला हेच विचारायला सांगत होतीस.

मग ती माझ्या बुटांकडे बघत म्हणाली, "तू गेलीस तर दुसरा भाडेकरू येईल. त्याला पहिल्यापासून शिकवावं लागेल. तुला अर्धं शिकवून झालंय. कागद आण." हिस्सा नको म्हणाली. फक्त दुपारी मशीन बंद आणि बूट जिन्याखाली. आजी, ती संचालक होतेय!

नवे कागद पाठवतेय. पण एक अडचण आहे, सांगायला जीभ रेटत नाही. फायलीत तुझा अंगठा आहे आणि तुझ्या नावाची सही खोटी ठरली आहे. आता तू खरी सही केलीस तरी चालणार नाही. बाई म्हणाली, या मालक लिहू शकत नाहीत असंच आमच्याकडे राहणार, कायमचं. मी वाद घातला. ती म्हणाली, कंपनी हवी की सही?

तुझ्यासाठी तो अंगठा काय आहे ते मला मार्चमध्ये कळायला हवं होतं. तू नाही म्हटलंस तर मी दुसरा भागीदार शोधेन. पण मेअखेर जवळ आहे.


२९ एप्रिल
(सही) तुझी आजी

पोरी,

कागद पाठवले. अंगठे लावलेत.

शिक्क्यासाठी वकिलाकडे गेले होते. त्याने माझी सही शंभरदा पाहिली आहे. म्हणाला, "आजी, तुम्ही तर झोकात सही करता!" मी म्हटलं, "आजपासून तिकडच्या सरकारात नाही करत. पॅड काढ." त्याने माझा हात धरायला हात पुढे केला. मी म्हटलं, माझा अंगठा मी स्वतः लावते, त्याला रस्ता माहीत आहे.

साक्षीदार म्हणून तुझ्या बापाला उभा केला. कशावर साक्ष देतोय ते त्याला सही केल्यावर सांगितलं. वाचल्याशिवाय तळाला सही करू नये हे त्यालाही कळलं.

अडाणी म्हणून नोंद झाली तर झाली. मला परदेशात कोण ओळखतंय? पण त्या दुभाषाला माझी भाषा कशी वाटली ते विचारून कळव.

म्हातारीला सांग, उरलेलं अर्धंही शिकव.


१९ मे

(सही) तुझी नात

आजी,

झाली! दाखला हातात आहे. परवानाही वाढला. खाली दारावर पाटी लागली. पाटीचे स्क्रू म्हातारीने कुलूपवाल्याकडून पिळून घेतले आणि वाकडी लागली म्हणून दोनदा काढायला लावली.

पहिलं काम खिडकीवरच्या बाईचं आलं. कोटाचं अस्तर. तिने आणताना विचारलं, "आजी कशा आहेत?" दुभाषा म्हणतो तुझं वाक्य छोटं आणि परिणामकारक आहे, आणि सरकारी भाषांतराच्या नमुन्यांत त्याला ते ठेवायचंय.

संचालक बाईंचा, म्हणजे आपल्या म्हातारीचा, तुला निरोप आहे, शब्दशः लिहितेय: "तुमची नात हुशार आहे पण ऐकत नाही. तुमच्याकडेही अशीच होती का?"

बाबांना काय सांगू?


२ जून
(सही) तुझी आजी

पोरी,

बापाला काही सांगू नकोस, मी सांगितलं. बराच वेळ नळाला वॉशर बसवत बसला. मग म्हणाला, त्या कंपनीला पाइप लागतील का? मी म्हटलं, उसवलेला पाइप असेल तर बघू.

ती गोल खुर्ची मी हमालाकडून माझ्या खोलीत आणवली. प्लास्टिक मी काढलं. भागीदाराला बसायला काहीतरी हवं. फार फिरते, पहिल्या दिवशी मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं, पण आता खिडकीकडे कशी वळवायची ते कळलं आहे. तुझ्या पलंगावर गठ्ठे आहेत ते आहेतच.

दुभाषाला कळव, वाक्य ठेव, पण खाली नाव माझं घाल. नाव, अंगठा नव्हे.

संचालक बाईंना माझं उत्तर: हो, लहानपणापासून अशीच. काठी आपटत राहा, छताची काळजी करू नका.

आता वाटतं तळाला ओळ लिहिणं सोडावं. कुणी सही समजून उचलली तर पुन्हा घोळ. पण मग विचार केला, चांगली गोष्ट कुणी गिरवली तर गिरवू दे.

बूट जिन्याखालीच काढ.